तार जाड, म्हणून सूर गोड?

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तारेच्या जाडीला मोठा मान आहे. तंबोऱ्याला पोलादी आणि पितळी तारा चढतात, त्यांत खर्जाची तार सर्वांत जाड. लांबी, ताण आणि धातू तेच ठेवून तारेचा व्यास दुप्पट केला, तर सूर बरोबर एक सप्तक खाली उतरतो. पुरुषी तंबोऱ्याला म्हणूनच जाड तारा लागतात, जनानी तंबोऱ्याला बारीक. दीडशेहून अधिक वर्षांच्या या कारागिरीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

अशा मुलखातील, सांगली-साताऱ्याकडील रसिकाने घरच्या स्पीकरसाठीही जाड तार घेतली की आवाज भरदार होईल असे मानले, तर त्यात नवल नाही. मात्र मराठीत शब्द एकच असला, तरी या दोन तारांची कामे भिन्न आहेत. तंबोऱ्याची तार स्वतः कंप पावते. स्पीकरची तार केवळ वीज वाहून नेते. तिचा स्वतःचा सूर नसतो, असतो तो विरोध.

हा विरोध लांबीबरोबर वाढतो आणि जाडीबरोबर घटतो. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा विरोध दर मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असतो. दिवाणखान्याच्या मागील भिंतीवरील स्पीकर अॅम्प्लिफायरपासून १० मीटरवर असेल, तर वीज जाऊन-येऊन २० मीटर प्रवास करते. अर्ध्या एमएमच्या वायरीत तेव्हा सुमारे ०.७ ओहम विरोध भरतो. आठ ओहमच्या स्पीकरचा आवाज त्यामुळे सुमारे ०.७ डेसिबलने घटतो, चार ओहमच्या स्पीकरचा १.४ डेसिबलने. एवढा फरक कानाला कळू शकतो. शिवाय स्पीकरचा विरोध प्रत्येक स्वराला सारखा नसल्याने बारीक तारेमुळे काही स्वर अधिक दबतात, काही कमी. म्हणजे नुसता आवाज कमी होत नाही, त्याचा पोतही किंचित बदलतो.

तीच वायर दीड एमएमची घेतली, तर आठ ओहमवरील घट पाव डेसिबलवर येते आणि अडीचची घेतली, तर ०.१५ डेसिबलवर. या पायरीनंतर वाढत जाते ती केवळ किंमत. तीन मीटर अंतरावर तर दीड एमएमची साधी वायरही पुरून उरते. तारेचा विरोध स्पीकरच्या विरोधाच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवावा, हा जुना ठोकताळा आजही उपयोगी आहे.

अमेरिकेतील ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ मासिकाने १९८३ मध्ये श्रोत्यांना केबलचे नाव न सांगता अशी चाचणी घेतली होती. २४ गेजची अतिबारीक तार त्यांना ओळखता आली. १६ गेजची, म्हणजे साधारण १.३ एमएमची, दिव्याची साधी वायर आणि महागडी जाड केबल यांतील फरक मात्र संगीत ऐकताना सांगता आला नाही.

खरी फसगत वेगळीच असते. वायर वरून बोटाएवढी जाड दिसते, पण ती जाडी प्लॅस्टिकच्या वेष्टनाची असते. कधी आत तांब्याचा मुलामा दिलेले अॅल्युमिनियम निघते, ज्याचा विरोध शुद्ध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो. टोक ब्लेडने खरवडले आणि आतून पांढरे दिसले, तर शंका घ्यावी. सीडी प्लेअर ते अॅम्प्लिफायर या जोडणीत वीज इतकी नगण्य असते की तेथे जाडीचा प्रश्नच येत नाही. तेथे गुणगुण रोखणारे जाळीचे कवच महत्त्वाचे.

तंबोऱ्याच्या खर्जाचा मूळ स्वर साधारण ७० हर्ट्झच्या आसपास असतो. चार इंची छोट्या स्पीकरला तो पूर्ण ताकदीने उमटवणे अवघड जाते आणि कोणतीही केबल ती ताकद त्याला देत नाही. उघड्या फरशीच्या खोलीत जाड सतरंजी अंथरणे किंवा स्पीकर कोपऱ्यातून हातभर पुढे घेणे, यांचा परिणाम कितीतरी अधिक.

साताऱ्याच्या पावसाळी दमट हवेत तारेची उघडी टोके काळवंडतात आणि सांध्यात विरोध वाढतो. दोन पावसाळ्यांनंतर यंत्र बंद करून टोक बोटभर कापावे, ताजे तांबे उघडे करावे आणि स्क्रू घट्ट आवळावा. या कामाला खर्च काहीच नाही.