हत्ती गेला, मतदार राहिला

२०२४ चा नोव्हेंबर कौंडण्यपूरला तिहेरी लगबगीचा गेला. ५ तारखेला अमेरिकेत मतदान, १५ ला कार्तिक पौर्णिमा आणि तिच्यामागून दहीहंडी, २० ला महाराष्ट्र विधानसभेचं मतदान. वर्धेच्या काठावर दुकानांचे तंबू ठोकले जात होते आणि तिवसा मतदारसंघाच्या प्रचारगाड्यांचे भोंगे त्या गर्दीतून वाट काढत होते. ज्यांची पोरं न्यू जर्सीला नाहीतर टेक्सासला आहेत, त्यांच्या मोबाईलवर ट्रम्प आणि कमला हॅरिस. वऱ्हाडातल्या माणसानं अमेरिकेच्या राजकारणावर मत द्यावं यात आता नवल उरलं नाही. पोराचा व्हिसा तिकडच्या निकालावर हलतो. आपल्या कापसाचा भावसुद्धा न्यूयॉर्कच्या वायदेबाजाराकडे पाहूनच इथल्या जिनिंगच्या काट्यावर ठरतो.

या गप्पांत एक जुना विनोद हमखास निघतो. ट्रम्प रिपब्लिकन, म्हणजे आपल्या गवईसाहेबांच्या पार्टीतलाच का बाप्पा? हसून सोडून द्यावं असा तो विनोद, पण मला तो सोडवत नाही. कारण अमरावती-अकोल्याच्या पट्ट्यात गवईंच्या आंबेडकरी रिपब्लिकन पक्षाची वाटचाल अमेरिकेतल्या पक्षाशेजारी ठेवून पाहिली, तर पक्ष आणि मतदार यांच्या नात्याबद्दल बरंच काही हाती लागतं.

योगायोग नावापुरता थांबत नाही. अमेरिकेतल्या रिपब्लिकन पक्षाचं चिन्ह हत्ती. १८७४ मध्ये थॉमस नास्ट या व्यंगचित्रकारानं तो काढला आणि पक्षाला चिकटला. आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बाबासाहेब आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचं चिन्हही हत्तीच होतं. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. पुढे १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची चौकशीही केली. म्हणजे तिकडच्या दबलेल्या माणसाचा पक्षांशी चाललेला व्यवहार ते नीट पाहत होते. तिकडचा रिपब्लिकन पक्ष १८५४ मध्ये गुलामगिरीच्या विस्ताराविरुद्ध उभा राहिला, १८६० मध्ये त्यानं लिंकनला निवडून आणलं आणि मुक्त झालेला कृष्णवर्णीय मतदार पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याबरोबर राहिला. मग रूझवेल्टच्या काळात तो सरकू लागला. १९६४ मध्ये नागरी हक्क कायद्याला विरोध करणारा गोल्डवॉटर त्या पक्षाचा उमेदवार झाला, तेव्हा हा मतदार जवळजवळ सगळाच डेमोक्रॅटांकडे गेला. पक्ष जागेवर होता, नाव तेच, हत्ती तोच. मतदार निघून गेला.

आपल्याकडे बरोबर उलटं झालं.

वऱ्हाडात या मतदाराची घडण मतपेटीच्या आधीची आहे. १९२७ च्या नोव्हेंबरात अमरावतीला अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या सत्याग्रहासाठी परिषद भरली आणि तिचे अध्यक्ष बाबासाहेब होते. पंजाबराव देशमुखही त्या चळवळीत होते. १९४२ मध्ये नागपूरला फेडरेशन स्थापन झालं. १९५२ मध्ये बाबासाहेब स्वतः उत्तर मुंबईत हरले, १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही हरले. ऑक्टोबर १९५६ मध्ये दीक्षेसाठी वऱ्हाडातून माणसं नागपूरला गेली, डिसेंबरात बाबासाहेब गेले आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरातच रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. एन. शिवराज अध्यक्ष. पक्ष फक्त अनुसूचित जातींचा राहू नये ही बाबासाहेबांची इच्छा होती. लोहिया, एस. एम. जोशी यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार त्यासाठीच चालला होता. पाया असा रुंद आखलेला होता. बांधकाम मात्र लवकरच तडकलं.

दुरुस्त आणि नादुरुस्त ही दोन गटांची नावं अजूनही जुन्या कार्यकर्त्यांच्या तोंडी येतात. एकीकडे बी. सी. कांबळे, दुसरीकडे दादासाहेब गायकवाड. वाद वरवर पाहता पद्धतीचा होता. घटनेच्या चौकटीत, शिकलेल्यांच्या नेतृत्वाखाली जायचं की भूमिहीन मजुराला घेऊन रस्त्यावर उतरायचं? दादासाहेब रस्त्यावर उतरले. १९५९ चा आणि त्यानंतर ६ डिसेंबर १९६४ पासूनचा भूमिहीनांचा सत्याग्रह हा माझ्या मते या पक्षाचा सर्वांत मोठा काळ. लाखांनी माणसं तुरुंगात गेली. कपाशीच्या तासात दुसऱ्याच्या शेतात निंदण करणाऱ्या बाईला पक्ष म्हणजे काय हे तेव्हा कुणाला समजावून सांगावं लागलं नसेल. पडीक सरकारी जमीन मिळावी ही मागणी होती आणि संसदेत बाबासाहेबांचं तैलचित्र लागावं ही पण होती. पोट आणि मान या दोन्ही गोष्टी एकाच मागणीपत्रावर होत्या.

मतदार कशासाठी घराबाहेर पडतो, यावर अमेरिकेत ग्रंथ लिहिले गेलेत. तिथे बहुतेक राज्यांत मतदारयादीत नाव घालायला नागरिकालाच धावावं लागतं, मतदान मंगळवारी असतं आणि देशभर त्याची सुट्टी नसते. म्हणून पक्षांची निम्मी ताकद आपल्याच माणसाला केंद्रापर्यंत नेण्यात जाते. इथे बीएलओ म्हणून अंगणवाडीची ताई नाहीतर शाळेचे मास्तर यादी घेऊन दारात येतात. २६ एप्रिल २०२४ ला, अमरावती आणि अकोल्याच्या मतदानाच्या दिवशी, ऊन असं की दुपारी बारा ते चार केंद्रावर पोलीस आणि मांडव एवढंच. पण सकाळी सातच्या आधी रांगेत कोण असतं ते पाहावं. बौद्ध वस्तीतल्या म्हाताऱ्या, धुतलेलं पांढरं लुगडं, हातात मतदार चिठ्ठी, आणि ओळखपत्र प्लास्टिकच्या पिशवीत. कोणी गाडी पाठवली म्हणून त्या येत नाहीत. मत हा बाबासाहेबांनी दिलेला हक्क आहे आणि तो वाया घालवायचा नाही, इतका सरळ हिशेब. असा मतदार मिळावा म्हणून अमेरिकेतला कुठलाही पक्ष कोट्यवधी डॉलर मोजेल. आपल्या रिपब्लिकन पक्षाला तो फुकट मिळाला. त्याचं काय केलं?

१९६७ नंतर काँग्रेसशी समझोता झाला. जिल्हा परिषदेत, पंचायत समितीत चार जागा आल्या. पक्षाला सत्तेची ओळख झाली आणि सत्तेला पक्षाची किंमत कळली. १९७१ च्या डिसेंबरात दादासाहेब गायकवाड गेले. त्यानंतर गवई गट, खोब्रागडे गट, कांबळे गट अशी नावं पोस्टरवर येऊ लागली. पक्षाच्या नावापुढे कंसात नेत्याचं नाव घालायची पद्धत इथेही रुजली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली ती या वैतागातून. तिनं नाव घेतलं अमेरिकेच्या ब्लॅक पँथरचं. नवी पिढी रिपब्लिकन या नावालाच कंटाळली होती आणि तिनं दुसरंही नाव अमेरिकेतूनच आणलं, हा योगायोग मला गमतीचा वाटतो. हत्तीही टिकला नाही. १९८४ मध्ये कांशीराम यांनी बहुजन समाज पक्ष काढला आणि पुढे हत्ती त्यांच्याकडे गेला. आज मतदान यंत्रावर हत्ती दिसतो तो त्यांचा.

रा. सू. गवई, अर्थात दादासाहेब गवई, दर्यापूर तालुक्यातल्या दारापूरचे, जन्म १९२९. १९६४ मध्ये विधान परिषदेत गेले ते तीस वर्षं तिथेच राहिले. १९६८ ते ७८ उपसभापती, मग १९८२ पर्यंत सभापती. पुढे बिहार आणि केरळचे राज्यपाल झाले. नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा स्तूप त्यांच्या अध्यक्षपदाच्या काळात उभा राहिला. माणूस गोड बोलणारा, सर्व पक्षांत मैत्री राखणारा. त्यांच्यावर काँग्रेसच्या कुशीत राहिल्याचा आरोप कायम झाला आणि तो अगदीच खोटा नव्हता. पण जिल्ह्यातल्या शिक्षणसंस्था, सहकार, जिल्हा परिषद सगळीकडे इतरांची पकड असताना, एका दलित नेत्यानं सभापतीच्या खुर्चीत बसून दाखवलं. त्याचा अभिमान त्याच्या टीकाकारांच्याही घरात होता. त्यांचे चिरंजीव भूषण गवई २०२५ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले, तेव्हा अमरावतीत फटाके फोडणाऱ्यांत गट पाहून कोणी उभं नव्हतं.

१९९८ हे वर्ष या वाटचालीचा कळस. गट एकत्र आले, काँग्रेसशी जागावाटप झालं आणि चौघं लोकसभेवर निवडून आले: अमरावतीतून गवई, अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे, उत्तर-मध्य मुंबईतून रामदास आठवले. चारही जागा खुल्या होत्या. राखीव जागेवर नव्हे, सर्वांच्या मतांवर. अमरावतीचा मतदार कसा, तर १९८९ मध्ये त्यानं भाकपचे सुदाम देशमुख निवडून दिले, १९९१ मध्ये काँग्रेसच्या प्रतिभा पाटील, १९९६ मध्ये शिवसेनेचे अनंत गुढे आणि १९९८ मध्ये रिपब्लिकन. दहा वर्षांत लाल, तिरंगी, भगवा, निळा. अमेरिकेत दोनच पर्याय घेऊन बसलेल्या माणसाला हे सांगून पटणार नाही.

ती लोकसभा तेरा महिन्यांतच गेली. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० अशा एका मतानं पडलं. पुढच्या निवडणुकीपर्यंत एकीही पडली होती. अमरावतीत गुढे परत आले. अकोल्यात प्रकाश आंबेडकरांनी जागा राखली, पण त्यांची वाट आधीच वेगळी झालेली होती. मखराम पवारांना बरोबर घेऊन त्यांनी माळी, धनगर, बंजारा, मुस्लिम अशी मोट बांधली, तिलाच अकोला पॅटर्न म्हणतात. त्या बळावर अकोल्याची जिल्हा परिषद त्यांच्याकडे वर्षानुवर्षं राहिली. लोकसभा मात्र २००४ पासून दरवेळी हातची गेली. २०१९ मध्ये त्यांच्या वंचित बहुजन आघाडीनं राज्यभर सुमारे ४१ लाख मतं घेतली आणि तिचा स्वतःचा एकही खासदार झाला नाही. ही मतं वाया गेली असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ज्याला कुणी विचारत नाही त्यानं आपली संख्या मोजून दाखवली, त्यालाही किंमत असते. पण ती एकदा मोजून दाखवता येते. दरवेळी नाही.

इथे अमेरिकेकडे पाहावंसं वाटतं. तिथल्या पक्षात भांडणं कमी आहेत का? मुळीच नाही. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तिथे पक्षाचा उमेदवार ठरवायला प्राथमिक निवडणुका आल्या. भांडण मतदारासमोर होतं आणि हरणारा घरी जातो किंवा पुढच्या वेळेची वाट पाहतो. बर्नी सँडर्स २०१६ मध्ये हरले, २०२० मध्येही हरले, पण ‘डेमोक्रॅटिक (सँडर्स)’ निघाला नाही. ट्रम्प यांना पक्षातल्या ज्येष्ठांचा विरोध होता, तरी त्यांनी पक्ष आतून घेतला, बाहेर दुकान मांडलं नाही. आपल्याकडे तिकीट वरून येतं, पक्षांतर्गत निवडणूक कागदावर होते आणि नाराज माणसाला एकच दार उघडं राहतं, नवा गट. हा दोष एकट्या रिपब्लिकनांचा नाही. पण मोठा पक्ष फुटला तरी तुकड्यात काही उरतं, लहान पक्षाच्या तुकड्यात नेता आणि लेटरहेड. अशा तुकड्याच्या तीस-चाळीस हजार मतांची मोट ज्याच्या नावानं बांधली, त्याला मोठ्या पक्षानं विधान परिषदेची एक जागा, एक महामंडळ दिलं की व्यवहार पुरा. खाली मतदार रांगेत उभा. कौंडण्यपूरच्या रुक्मिणीनं भावानं ठरवलेला शिशुपाल नाकारून द्वारकेला परस्पर पत्र धाडलं होतं. आमच्या पक्षांत मात्र थोरला भाऊच सगळी स्थळं ठरवत बसला.

२००९ पासून अमरावती लोकसभा अनुसूचित जातींसाठी राखीव झाली. आता तरी रिपब्लिकनांचे दिवस आले असं वाटलं होतं. झालं भलतंच. जागा राखीव म्हटल्यावर प्रत्येक पक्षाला आपलाच उमेदवार देता आला, रिपब्लिकनाची मनधरणी कशाला? २००९ मध्ये दोन्ही काँग्रेसच्या पाठिंब्यावर राजेंद्र गवई उभे राहिले आणि शिवसेनेच्या आनंदराव अडसुळांकडून हरले. खुल्या जागेवर वडील जिंकले, राखीव जागेवर मुलगा हरला. २०१४ ला अडसूळच, २०१९ ला अपक्ष नवनीत राणा.

आणि मग २०२४. बाबासाहेबांचे नातू आनंदराज आंबेडकर स्वतः अमरावतीत उभे. बाकी पक्षांचे उमेदवार होतेच. त्या उन्हाळ्यात वस्त्यांमध्ये बोलणं एकाच गोष्टीचं होतं, संविधान. काँग्रेसचे बळवंत वानखडे भाजपच्या नवनीत राणांना १९,७३१ मतांनी हरवून निवडून आले. आनंदराज यांना मिळालेली मतं त्यांच्या आडनावाच्या मानानं अगदी थोडी. आडनावाबद्दलचा आदर तसूभरही कमी न करता लोकांनी मत दुसरीकडे दिलं, कारण या वेळी काय वाचवायचं आहे ते त्यांनी आपसांत ठरवलं होतं. नेत्यानं सांगितलेलं गणित त्यांनी घेतलं नाही, स्वतःचं मांडलं. सहा महिन्यांनी विधानसभेला गणित पुन्हा बदललं आणि तिवशात तीनदा निवडून आलेल्या यशोमती ठाकूर भाजपच्या राजेश वानखडेंकडून हरल्या.

१९९८ च्या चौघांपैकी गवई २०१५ मध्ये वारले. आठवले भाजपबरोबर असून २०१६ पासून केंद्रात राज्यमंत्री आहेत. कवाडे २०२३ च्या जानेवारीत एकनाथ शिंद्यांबरोबर गेले आणि २०२५ मध्ये आनंदराजही त्याच वाटेनं गेले. प्रकाश आंबेडकर वंचित घेऊन स्वतंत्र आहेत. यातल्या कोणत्याच ठिकाणी अमरावतीचा तो सकाळी सातचा मतदार एकगठ्ठा गेलेला नाही.