पाणी, मीठ, साखर आणि गावातली बाई

‘तब्येत आपल्याच हातात असते’ हे वाक्य आपण सगळेच ऐकत आलोय. आज मला याच वाक्याचा इतिहास सांगायचाय, आणि त्यासाठी फार लांब जायची गरज नाही. नांदूरघाटातून पश्चिमेला, पाटोद्याच्या अंगानं निघालं आणि बीड जिल्ह्याची हद्द ओलांडली, की जामखेड लागतं. जिल्हा वेगळा, पण दुष्काळ आपल्यासारखाच.

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं तिथं आलं. आधी वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम करताना त्यांनी एक गोष्ट पाहिली होती. बरा होऊन घरी गेलेला माणूस काही दिवसांनी तोच आजार घेऊन परत यायचा, कारण घरचं पाणी तेच, चूल तीच, उपासमारही तीच. जामखेडच्या प्रकल्पाची १९७१ची नोंद सांगते, की जन्मलेल्या हजार मुलांमागे १७६ मुलं पहिल्या वाढदिवसाआधीच जात होती.

त्यांनी सुरुवातीला शिकलेल्या नर्स गावात पाठवल्या, पण ते काही जमलं नाही. मग गावातल्याच बायका निवडल्या. बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, कित्येक दलित होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला यायच्या, एकत्र जेवायच्या, एकत्र मुक्काम करायच्या आणि शिकायच्या.

काय शिकायच्या? अगदी साध्या गोष्टी. पोराला जुलाब लागले की त्याचं पाणी तोडायची रीत घरोघरी होती. त्या सांगायच्या, उलट पाणी द्या. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चव डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागता कामा नये. अंगावरचं दूध चालूच ठेवा. बाळाची नाळ कापायला जुना विळा नको, स्वच्छ नवं ब्लेड घ्या.

आता पुढचं जरा नीट ऐका. हात धुवा म्हणायला आधी पाणी लागतं! १९७२च्या दुष्काळात प्रकल्पानं हातपंप बसवले, ते मुद्दाम दलित वस्तीत. ज्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्यांच्याच दारात सगळ्या गावाला घागर घेऊन यावं लागलं. मला वाटतं, या कहाणीतलं खरं औषध हेच. पुढं १९७८च्या अल्मा-आटा परिषदेत जगानं ‘प्राथमिक आरोग्य सेवा’ हा शब्द उचलला, तेव्हा जामखेडचं काम आधीच जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात आलेलं होतं. १९७९ला दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५पासून गावोगाव दिसणारी आशाताई याच वाटेवरची.

मग आपल्या बीडमध्ये काय झालं? २०१९ साली सरकारी समितीनं ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. फडात संडास नाही, अंघोळीला आडोसा नाही, पाळीत कापड बदलायला जागा नाही. खाडा केला तर मजुरी बुडते, वर दंड. अंगावरून पांढरं जाणं साध्या उपचारानं बरं होऊ शकतं, पण दुखणं अंगावर काढायचं आणि शेवटी ऑपरेशन. अशा बाईला ‘स्वतःची काळजी घे’ म्हणणं सोपं आहे. पण दिवाळीच्या सुमारास टोळी कारखान्याला गेली, की तिची आशाताई गावातच राहते.

म्हणून मला एवढंच म्हणायचंय. मीठ-साखरेचं पाणी प्रत्येक घरात करता आलं पाहिजे, आज करून बघा. पण फडावर पाणी, संडास आणि समजावून सांगणारी एक बाई पोचत नाही, तोवर तब्येत पूर्ण आपल्या हातात आली असं म्हणू नका. पुढच्या ग्रामसभेत हा विषय काढा, आणि तुमच्या गावातून किती कोयते जातात ते मोजा.

भेटू पुढच्या भागात.