पुढची पाळी, पुढची आशा

वंध्यत्वावरचा उपचार एकदा फसला, की जोडप्याच्या तोंडी पहिला प्रश्न येतो तो म्हणजे, ‘आता पुन्हा कधी?’ कुणाला डॉक्टर पुढच्याच पाळीला बोलावतात, कुणाला एक महिना थांबायला सांगतात, तर कुणाला तीन. घरातली मोठी माणसं म्हणतात, शरीराला जरा विसावा द्या. वय मात्र कुणासाठी थांबत नाही. या साध्या प्रश्नाचं उत्तर गेल्या पन्नास वर्षांत अनेकदा बदललं. ते का बदललं, याची ही गोष्ट.

मँचेस्टरजवळचं ओल्डहॅम हे सूतगिरण्यांचं गाव. तिथल्या एका छोट्या रुग्णालयात शास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्स, शल्यविशारद पॅट्रिक स्टेप्टो आणि मूळच्या परिचारिका असलेल्या जीन पर्डी यांनी १९६९ ते १९७८ या काळात प्रयोग केले. २८२ स्त्रिया त्यात सहभागी झाल्या आणि उपचारांच्या ४५७ फेऱ्या झाल्या. म्हणजे कित्येक जणी अपयश पचवून पुन्हा आल्या होत्या. एवढ्या खटाटोपातून गर्भ राहिला पाच वेळा आणि मुलं जन्मली दोन.

सुरुवातीला तिथे स्त्रीबीजं जास्त मिळावीत म्हणून संप्रेरकांची इंजेक्शनं देत. बीजं मिळायची, काचेच्या बशीत गर्भही तयार व्हायचा, पण गर्भाशयात तो रुजायचा नाही. १९७६मध्ये एकदा रुजला, तोही नको तिथे, गर्भनलिकेत. ही औषधंच पाळीचं चक्र बिघडवत असावीत, असा संशय बळावला. शेवटी त्यांनी औषधं बाजूला ठेवली आणि निसर्ग महिन्याला देईल त्या एका बीजाची वाट पाहायचं ठरवलं. त्यासाठी दर तीन तासांनी लघवीची तपासणी व्हायची आणि वेळ भरली की मध्यरात्रीसुद्धा शस्त्रक्रिया करावी लागे. ब्रिस्टलच्या लेस्ली ब्राऊन यांच्या गर्भनलिका बंद होत्या. नऊ वर्षं त्या मुलाची वाट पाहत होत्या. १० नोव्हेंबर १९७७ रोजी त्यांचं एकच बीज मिळालं आणि २५ जुलै १९७८ रोजी लुईस जन्मली. त्या पद्धतीत थांबण्याचा हिशेब सरळ होता. महिन्याला बीज एक, म्हणून संधीही एक. ती हुकली की पुढच्या पाळीची वाट पाहायची.

त्याच सुमारास कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी हाच पेच वेगळ्या रीतीने सोडवत होते. त्यांनी इंजेक्शनं देऊन जास्त बीजं मिळवली, पण तयार झालेला गर्भ लगेच गर्भाशयात ठेवला नाही. औषधांनी ढवळून निघालेलं शरीर पूर्ववत होऊ द्यावं आणि गर्भ पुढच्या एखाद्या नैसर्गिक चक्रात ठेवावा, असा त्यांचा विचार होता. तोवर गर्भाचं काय करायचं? तो त्यांनी गोठवून ठेवला. त्यांच्या नोंदींप्रमाणे ५३ दिवस. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, लुईसच्या जन्मानंतर दहा आठवड्यांनी, ‘दुर्गा’ जन्माला आली.

पण मुखर्जींवर कुणी विश्वास ठेवला नाही. सरकारने नेमलेल्या समितीने त्यांचा दावा फेटाळला. पुढे त्यांची बदली झाली ती चक्क डोळ्यांच्या विकारांच्या संस्थेत. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आपलं आयुष्य संपवलं. गर्भ गोठवून पुढच्या चक्रात वापरण्याची कल्पना त्यांच्याबरोबरच विस्मरणात गेली. गोठवलेल्या गर्भापासून झालेला, जगाने मान्य केलेला पहिला जन्म त्यानंतर तीन वर्षांनी, १९८४मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नला नोंदला गेला.

आपल्या मुंबईत, परळच्या केईएम रुग्णालयात, ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षा जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या कामाचं हे फळ. भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिचं कौतुक झालं. पुढे आनंदकुमार यांच्या हाती मुखर्जींचे कागद आले. त्यांनी ते बारकाईने वाचले आणि १९९७मध्ये जाहीरपणे सांगितलं, की हा पहिला मान मुखर्जींचा आहे. स्वतःच्या नावावरचा मान असा दुसऱ्याला देऊन टाकणारी माणसं विरळाच.

दरम्यान जगभर इंजेक्शनं परत आली होती, कारण बीजं जास्त मिळाली की यशाची शक्यता वाढते. त्याबरोबर धोकेही आले. बीजकोश सुजायचे, काहींच्या पोटात पाणी साठायचं, क्वचित जिवावरही बेतायचं. शिवाय बीजं काढायची तर भूल देऊन पोटातून दुर्बिणीची शस्त्रक्रिया करावी लागे. दोन फेऱ्यांमध्ये दोन-तीन महिने विसावा घेण्याचा सल्ला अशा काळात अगदी स्वाभाविक होता. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सोनोग्राफीच्या मदतीने योनिमार्गातून सुईने बीजं काढता येऊ लागली आणि शस्त्रक्रियेचा तो ताण गेला. विसाव्याचा सल्ला मात्र बराच काळ सवयीने टिकून राहिला.

मुखर्जींची कल्पना दुसऱ्या वाटेने परत आली. गर्भ गोठवण्याचं तंत्र सुधारलं, तसे काही डॉक्टर सगळेच गर्भ गोठवून नंतरच्या चक्रात वापरू लागले. पीसीओएस असलेल्या १,५०८ स्त्रियांवर चीनमध्ये झालेली एक मोठी चाचणी २०१६मध्ये प्रसिद्ध झाली. असं थांबल्याने मुलं जन्मण्याचं प्रमाण वाढलं आणि बीजकोश सुजण्याचा त्रासही बराच कमी झाला, असं तिच्यात दिसलं. २०१८मध्ये मात्र ज्यांची बीजं नियमित सुटतात अशा स्त्रियांवरच्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. त्यांत मुलं जन्मण्याच्या प्रमाणात तसा फरक आढळला नाही. म्हणजे एकीला थांबण्याचा जो फायदा होतो, तो दुसरीला होईलच असं नाही.

मग किती थांबायचं? बीजकोशांची सूज उतरायची असेल, गाठ किंवा संसर्ग असेल, गर्भपात झाला असेल, एखाद्या तपासणीचा अहवाल यायचा असेल, तर थांबण्याला अर्थ आहे. पैशांची जुळवाजुळव करायची असेल किंवा मन खचलं असेल, तर तेही कारण खरंच आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण यातलं काहीच नसेल, तर प्रत्येकीने तीन महिने थांबलंच पाहिजे, याला ठोस पुरावा नाही. पस्तिशीनंतर बीजांची संख्या आणि प्रत झपाट्याने घटते, त्यामुळे चाळिशीकडे झुकलेल्या स्त्रीला तीन महिनेही महाग पडू शकतात. पंचविशीतल्या मुलीला तेवढी घाई नसते.

म्हणून दवाखान्यात पुढची तारीख मिळाली की तिच्याबरोबर एक प्रश्न जरूर विचारावा, ‘डॉक्टर, हे थांबणं नेमकं कशासाठी?’ आणि लगेच या म्हटलं, तर लगेच का, हेही विचारावं. ओल्डहॅममध्ये काय किंवा कोलकात्यात काय, जे थांबले त्यांना आपण कशासाठी थांबलो आहोत हे ठाऊक होतं. आज उपचार घेणाऱ्या स्त्रीलाही ते ठाऊक असायला हवं.