१५० पैकी १४९

२००४चं अथेन्स ऑलिंपिक म्हटलं की आपल्याकडे एकच नाव निघतं : राज्यवर्धनसिंग राठोड. १७ ऑगस्ट, डबल ट्रॅप, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक रौप्यपदक. मलाही तेवढंच आठवत होतं. पण त्याच मैदानावर दोनच दिवस आधी ट्रॅपमध्ये एका माणसाने १५० पैकी १४९ तबकड्या फोडल्या होत्या. अलेक्सी अलिपोव, रशिया.

१५० पैकी १४९! आमच्या घरी असं प्रगतिपुस्तक आणलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, "तो एक कुठे गेला?"

गंमत सोडा, पण हे किती अवघड आहे बघा. समोर १५ मीटरवर खंदकात १५ यंत्रं. तुम्ही आवाज दिलात की त्यातल्या एकातून ११ सेंटिमीटरची तबकडी सुटते. डावीकडे, उजवीकडे की सरळ, आधी कळत नाही. ती ताशी शंभरेक किलोमीटर वेगाने दूर पळते आणि तुमच्या हातात असतो जेमतेम एक सेकंद. असं १२५ वेळा पात्रता फेरीत, मग २५ वेळा अंतिम फेरीत. अलिपोवची जी एक चुकली ती पात्रता फेरीत. अंतिम फेरीत २५ पैकी २५. रौप्य मिळवणारा इटलीचा पेल्लिएलो १४६वर राहिला.

१९९६ साली अटलांटात ऑस्ट्रेलियाच्या मायकेल डायमंडनेही १४९च मारले होते. २००८ला बीजिंगमध्ये हे दोघे कांस्यपदकासाठी बरोबरीत आले, जादा तबकड्यांवर निकाल लागला आणि पदक अलिपोवला मिळालं.

आता लोकप्रियतेचं बघा. राठोड यांचे गुण होते २०० पैकी १७९. त्या ऑलिंपिकमधलं भारताचं ते एकमेव पदक, म्हणून देशाने त्यांना डोक्यावर घेतलं. पुढे ते खासदार झाले, २०१७ साली क्रीडामंत्रीही झाले. रशियाने त्याच अथेन्समध्ये दोन डझनांहून जास्त सुवर्णपदकं नेली. त्या गर्दीत अलिपोवचं एक. भुकेल्या घरातला लाडू आणि हलवायाच्या दुकानातला लाडू, यांत लाडवाचा काय दोष?

मजा म्हणजे राठोड यांचा डबल ट्रॅप २०१६च्या रिओनंतर ऑलिंपिकमधून गेला. ट्रॅप राहिला. नाव मात्र आपल्या लक्षात राठोड यांचंच राहिलं, आणि त्याचा मला आनंदच आहे. त्या पदकाने एका पिढीला नेमबाजीकडे वळवलं.

पण यापुढे अथेन्सचा विषय निघाला की मी अलिपोवचंही नाव घेणार आहे. आणि कुणी विचारलंच, "तो एक कुठे गेला?", तर सांगेन, बाकीचे १४९ मोजा आधी.