घरोघरीं सद्ग्रंथ : ख्रिस्तपुराणाची कथा व वाचकांस एक विनंति

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आम्ही देवाचे आभार मानतों आणि ज्यांनीं हें मंदिर उभारलें त्या पूर्वजांचें स्मरण करतों. परंतु मंदिराच्या भिंती ज्या श्रद्धेनें उभ्या राहिल्या, ती श्रद्धा कोणत्या ग्रंथांनीं पोसली, याचा विचार आपल्यांत क्वचितच होतो. म्हणून या स्मरणिकेंत आम्ही चार शब्द सद्ग्रंथांविषयीं लिहिण्याचें योजिलें आहे.

ग्रंथानें माणूस पालटतो, याची साक्ष संत इग्नेशियस लोयोला यांचें चरित्र देतें. १५२१ सालीं पांप्लोनाच्या लढाईंत तोफेच्या गोळ्यानें पाय मोडून ते अंथरुणास खिळले. वेळ घालविण्यास त्यांनीं वीरकथा मागितल्या. त्या घरांत नव्हत्या. मिळालें तें ख्रिस्तचरित्र व संतांच्या कथा. त्या वाचतां वाचतां शिपायाचा साधु झाला, आणि १५४० सालीं येशूसंघास मान्यता मिळाली.

त्याच संघाचा एक इंग्रज पुत्र, फादर थॉमस स्टीफन्स, १५७९ च्या आक्टोबरांत गोव्यास उतरला. इंग्लंडांत त्या काळीं कॅथॉलिकांचा छळ होत होता. त्यानें मायभूमि सोडली ती पुन्हां पाहिली नाहीं. सुमारें चाळीस वर्षें तो येथेंच, बहुतेक साष्टींत, राहिला व १६१९ सालीं येथेंच त्याचा देह पडला. आपल्या ग्रंथाचें निमित्त त्यानें आरंभींच सांगितलें आहे. आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्हीं बंद केलीं, तर त्यांच्या जागीं दुसरें पुराण आम्हांस कां देत नाहीं, असें एका श्रोत्यानें विचारलें. प्रश्न बोचरा होता, आणि न्याय्यहि होता. ज्यांच्या हातून ग्रंथ काढून घेतले, त्यांचे हात रिकामे ठेवणें बरें नव्हे, हें त्या धर्मगुरूनें ओळखलें.

उत्तरादाखल १६१६ सालीं रायतूर येथें ख्रिस्तपुराण छापून निघालें. त्याचे दोन भाग आहेत : पहिल्यांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेची कथा, दुसऱ्यांत ख्रिस्ताचें चरित्र. पहिल्याचे ३६ व दुसऱ्याचे ५९ अवस्वर, मिळून १०,९६२ ओव्या. भाषा मराठी, छंद आपल्या संतांचा. आणि परक्या देशांत जन्मलेल्या या कवीनें मराठीची जी थोरवी गाइली, ती वाचून कोणाहि मराठी माणसाचा ऊर भरून यावा. नागरी अक्षरांचे ठसे मिळावेत म्हणून १६०८ सालीं त्यानें रोमास लिहिलें. ते मिळाले नाहींत, म्हणून ग्रंथ रोमन लिपींत छापावा लागला.

पुढें १६४९ व १६५४ सालीं आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. परंतु १६८४ सालीं गोव्याच्या पोर्तुगीज सरकारनें लोकभाषेविरुद्ध हुकूम काढला, आणि ज्या भाषेंत हा ग्रंथ रचला तिच्यावरच संकट आलें. त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. मग ग्रंथ वांचला कसा? हातानें नकलून घेणाऱ्या साध्या भाविकांमुळें. १७८४ सालीं टिपू सुलतानानें मंगळूरकडील ख्रिस्ती लोकांस कैद करून श्रीरंगपट्टणास नेलें, तेव्हां या ओव्यांनींच बंदिवानांस धीर दिला, अशी परंपरा सांगते. हस्तलिखितांवरूनच १९०७ सालीं सालदान्हा यांनीं मंगळुरास तो पुन्हां छापला. १९५६ सालीं बंडेलू यांच्या हस्तें नागरींत आवृत्ति निघाली, व १९९६ सालीं फादर द्रागो यांनीं मूळ ओव्यांस आजच्या मराठीतील गद्याची जोड दिली.

वाचकहो, येथें आम्हांस एक दोष कबूल केला पाहिजे. हा ग्रंथ आमच्याहि कपाटांत कापडांत गुंडाळून कित्येक वर्षें पडून होता. धूळ झाडली जात होती. पान उलटत नव्हतें. बंदिवानांनीं जो जिभेवर जपला, तो आपण सुखवस्तु लोकांनीं कपाटांत विसरावा, यापरती लाज कोणती?

म्हणून आमची सूचना ऐका. दर रविवारीं सायंकाळीं रोझरीनंतर घरांतील एकानें एक अवस्वर मोठ्यानें वाचावा. ९५ अवस्वर दोन वर्षांच्या आंत पुरे होतील. भाषा जड वाटल्यास दुसऱ्या भागापासून, गद्याच्या आधारानें, आरंभ करावा. ज्यांस ओवी झेपत नाहीं त्यांनीं फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचें ‘सुबोध बायबल’ घ्यावें. एकांतांत वाचण्यास थॉमस ए केंपिस यांचें ‘ख्रिस्तानुकरण’ उत्तम : चार भागांत ११४ लहान प्रकरणें, रोज निजतांना एक पुरे. आणि ज्या तरुणाचें मन अस्वस्थ असेल त्यानें संत ऑगस्टीन यांचें आत्मनिवेदन वाचावें. भटकलेला मुलगा व त्याच्यासाठीं रडणारी आई त्यास तेथें भेटेल.

शेवटीं एक विनंति. आजीच्या पेटींत एखादी जीर्ण वही, दुःखसहनाच्या गीतांचीं किंवा प्रार्थनांचीं पानें असतील, तर तीं रद्दींत घालूं नका, धर्मगुरूंस दाखवा. छापील प्रती नाहींशा झाल्या, वह्या राहिल्या, हें आपण पाहिलेंच आहे. पुढील ज्युबिलीस जे जमतील, त्यांच्या हातीं आपण काय ठेवणार, हें आजच ठरवावयाचें आहे. प्रभु आपणांस वाचण्याची रुचि व वाचलेलें आचरण्याची शक्ति देवो. आमेन.