घराचा व्यवहार मोडला तर वकील, मुद्रांक, नोंदणीचा खर्च कोणाच्या अंगावर? इसार पावतीत काय लिहून घ्यावं?

घर पसंत पडलं, भाव ठरला, इसारही दिला. आणि मग कळलं की उताऱ्यावर विकणाऱ्याच्या दोन बहिणींची नावं आहेत आणि त्या सही द्यायला तयार नाहीत. किंवा बँकेनं कर्जच नाकारलं. व्यवहार मोडला की पहिलं भांडण इसारावरून होतं. पण तोवर वकील, सर्च, पेपरातली जाहीर नोटीस, मुद्रांक, नोंदणी फी असा बराच पैसा गेलेला असतो. तो कोणी सोसायचा हे इसार पावतीत सहसा लिहिलेलंच नसतं. लिहिलेलं नसेल तर ज्यानं खर्च केला त्याच्याच अंगावर तो राहतो. समोरच्याकडून वसूल करायचा तर करार त्यानं मोडला हे दाखवावं लागतं, आणि खर्चाच्या पावत्या हव्यात.

वकिलाची फी परत येत नाही

वकील फी घेतो ती कामाची. खरेदी झाली की नाही याच्याशी तिचा संबंध नसतो. तीस वर्षांचा सर्च काढून वकिलानं ‘हे घर घेऊ नका’ असं सांगितलं, तर त्याचं काम झालेलं आहे. पैसे वाया गेले असं वाटतं खरं, पण याच फीमुळे बाकीचे लाखो रुपये वाचतात.

गावठाणातल्या घराला हा सर्च जास्त किचकट जातो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे, तो मालकीचा पुरावा नाही. गावठाणाची ड्रोन मोजणी होऊन मिळकत पत्रिका आली असेल तर काम सोपं होतं. नसेल तर जुने दस्त, वाटणीपत्र, वारसांची नावं सगळं बघावं लागतं. म्हणून वकिलाशी बोलताना फी टप्प्याटप्प्यानं ठरवावी: आधी फक्त सर्च, तो साफ निघाला तर साठेखताचा मसुदा, मग खरेदीखत. सगळी फी एकदम ठरवली आणि व्यवहार पहिल्याच टप्प्यावर अडला, तर पुढे घासाघीस होते.

बँकेची प्रोसेसिंग फी आणि बँकेच्या वकिलाची फीसुद्धा सहसा परत मिळत नाही. बँकेचा वकील बँकेसाठी कागद तपासतो, घेणाऱ्यासाठी नाही, हेही ध्यानात असावं.

इसार आणि ॲडव्हान्स एकच नाही

इथे बहुतेकांची गल्लत होते. इसार म्हणजे व्यवहार पुरा करू याची हमी. घेणारा स्वतःहून मागे फिरला तर, तशी अट असल्यास, इसार जप्त होऊ शकतो. पण किमतीपोटी दिलेला हप्ता ही वेगळी गोष्ट आहे. हमी म्हणून दिलेली रक्कमच जप्त करता येते, नुसता किमतीचा भाग म्हणून दिलेली नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ च्या एका निकालात सांगितलं आहे. म्हणून पावतीवर ‘इसार इतका, किमतीपोटी इतके’ असं वेगवेगळं लिहावं.

दोष विकणाऱ्याचा असेल, म्हणजे मालकी साफ नाही, बोजा लपवला, सहहिस्सेदार तयार नाही, तर इसारासह सगळी रक्कम मागता येते. मालमत्ता हस्तांतरण कायद्यानं त्या पैशाचा बोजाही त्याच घरावर राहतो. हे फार कमी लोकांना माहीत असतं.

इसार पावतीत दोन ओळी हव्यातच. मालकी साफ निघाली नाही तर इसार इतक्या दिवसांत परत आणि सर्च-नोटिशीचा खर्च विकणाऱ्यानं द्यायचा, ही एक. कर्ज मंजूर झालं नाही तर इसार परत, ही दुसरी. दुसरी ओळ नसेल तर ‘बँकेनं नाही म्हटलं’ हे कारण विकणारा ऐकून घेईलच असं नाही.

मुद्रांक मिळतो, नोंदणी फी जाते

समजा १८ लाखांच्या घराचं साठेखत नोंदवलं. नोंदणी फी १ टक्का, म्हणजे १८ हजार रुपये (कमाल मर्यादा ३० हजार). दस्त नोंदला गेला की ती परत येत नाही.

मुद्रांक शुल्काचं तसं नाही. पूर्ण मुद्रांक भरून नोंदवलेलं साठेखत, ताबा घेण्याआधी आणि साठेखताच्या तारखेपासून ५ वर्षांच्या आत नोंदणीकृत रद्दलेखानं रद्द केलं, तर परताव्याचा अर्ज करता येतो. हा अर्ज रद्दलेख नोंदल्यापासून ६ महिन्यांच्या आत मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायचा. काही रक्कम कापून बाकी मिळते. अडचण एकच, रद्दलेखावर दोन्ही बाजूंच्या सह्या लागतात. म्हणून इसार परत करताना किंवा घेताना त्याच दिवशी रद्दलेख करून घ्यावा. पैसे मिळाले की समोरचा सहीला येत नाही, हा नेहमीचा अनुभव.

मुद्रांक घेतला पण दस्तच झाला नाही, तर मुद्रांक खरेदीच्या तारखेपासून ठरलेल्या मुदतीत अर्ज करायचा असतो.

रोखीचा धोका

घरासाठी २० हजार किंवा त्याहून जास्त इसार रोखीत घेणं आयकर कायद्याला चालत नाही, व्यवहार पुढे होवो न होवो. घेणाऱ्याला तितक्याच रकमेचा दंड होऊ शकतो. परत करतानाही तोच नियम. शिवाय रोखीचा इसार कोर्टात शाबीत करणं अवघड. चेक किंवा खात्यावर पाठवलेली रक्कम कोणी नाकारू शकत नाही.

कोर्टात गेलं तर

आधी वकिलामार्फत नोटीस. त्यावरच बरीच प्रकरणं मिटतात. दावा साधारणपणे ३ वर्षांच्या आत लावावा लागतो, आणि कोर्ट फी मागितलेल्या रकमेवर बसते. खरेदीखत करून मिळावं असा दावा असेल तर ‘ते नाही तर पैसे परत’ ही मागणीही त्यातच लिहायची. मागितलेलं नसेल तर कोर्ट ते देत नाही. ही मागणी नंतर दुरुस्तीनं घालता येते, पण त्यात तारखा जातात. कमी मुद्रांकावरची इसार पावती असेल तर तूट आणि दंड भरल्याशिवाय ती पुराव्यात घेतली जात नाही.

जिंकल्यावर कोर्ट दाव्याचा खर्च देतं, पण वकिलाला दिलेली खरी फी त्यातून क्वचितच भरून निघते. दोन-चार लाखांच्या इसारासाठी लोक अदालतीत तडजोड बरी पडते. तिथे दावा मिटला तर भरलेली कोर्ट फीही परत मिळते. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता, तर इतर कमी उत्पन्न असणाऱ्यांनाही मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. सोबत इसार पावती, बँकेचा उतारा आणि नोटिशीची पोचपावती न्यावी.