देणं कुणाचं, घेणं कुणाचं?

बहात्तरच्या दुष्काळात मी आईबरोबर खडी फोडायला जायचो. दुपारी सुकडी वाटायचे. आमच्या वस्तीच्या ओंजळीत ती वरून पडायची, हाताला हात लागू नये म्हणून. आई म्हणायची, "उपकार नाय रं, आपल्या घामाचं हाय." ते डोक्यात ठेवून मी हैतीचा इतिहास वाचला. मित्रांनो, तुम्हीही तसाच वाचा.

हैती म्हंजे कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटाचा पश्चिमेकडचा तुकडा. फ्रेंचांची उसाची, कॉफीची वसाहत. आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं तिथं जनावरासारखी राबवली, विकली. १७९१ च्या ऑगस्टात ती उठली. त्यांचा पुढारी तूसाँ लूव्हेर्त्यूर याला नेपोलियनच्या माणसांनी बोलणी करायला बोलावून दग्यानं धरलं. १८०३ साली तो फ्रान्सच्या गारठ्या किल्ल्यात मेला. उठाव मेला नाही. १ जानेवारी १८०४ ला देसालिननं स्वातंत्र्य जाहीर केलं. गुलामांनी स्वतः बेड्या तोडून राष्ट्र उभं केलं.

त्याची शिक्षा झालीच. १८२५ साली दहाव्या चार्ल्स राजाचा दूत आला, पाठीशी लढाऊ जहाजं. मागणी काय, तर १५ कोटी फ्रँक मोजा, मग मान्यता देऊ. मालकांचं नुकसान झालं म्हणे! त्या हिशोबात जमिनीबरोबर गुलामांची किंमतही धरली होती. म्हंजे आपल्याच अंगाचं मोल आपण मालकाला भरायचं. १८३८ मध्ये रक्कम ९ कोटींवर आली, पण ती फेडायला काढलेली कर्जं १९४७ पर्यंत पुरली. शाळा, दवाखाने, रस्ते यांचा पैसा पॅरिसला गेला. आणि वर म्हणायचं, हे लोक गरीब का?

अमेरिकेनं मान्यता दिली ती १८६२ मध्ये. १८८९ साली तिनं वकील म्हणून पाठवला फ्रेडरिक डग्लस, स्वतः गुलामीत जन्मलेला. अमेरिकेला आरमारासाठी मोल सें निकोला हे बंदर हवं होतं. लढाऊ जहाजं समोर उभी असताना १८९१ मध्ये परराष्ट्रमंत्री आंतेनोर फिर्मेन यांनी नकार दिला. माणसांचे सगळे वंश समान आहेत हे सिद्ध करणारा ग्रंथ १८८५ साली लिहिणारे हेच फिर्मेन. पुढं १९१५ ते १९३४ अमेरिकन फौज तिथं बसली. रस्त्यांसाठी तिनं लोकांना वेठीला धरलं. वेठ काय असते, आपल्याला कुणी शिकवायला नको.

१२ जानेवारी २०१० ला भूकंप झाला. जगभरातून मदत आली. त्याच ऑक्टोबरात कॉलरा आला, राष्ट्रसंघाच्या शांतिसैनिकांच्या छावणीतल्या घाणीतून, नदीच्या पाण्यातून. सुमारे दहा हजार माणसं गेली. लोक कोर्टात गेले तेव्हा राष्ट्रसंघानं राजनैतिक संरक्षणाची ढाल पुढं केली. माफी मागितली ती २०१६ च्या डिसेंबरात.

२००३ मध्ये अध्यक्ष आरिस्टीड यांनी फ्रान्सकडं २१ अब्ज डॉलरहून जास्त परत मागितले होते. २००४ मध्ये त्यांची खुर्ची गेली. २०२५ मध्ये, दोनशे वर्षांनी, फ्रान्सनं इतिहासकारांची समिती जाहीर केली. पैसे देतो असं काही म्हटलं नाही.

मदतीची गाडी वस्तीत आली तर घ्या, पोरांची पोटं भरा. पण मान खाली घालू नका. आधी विचारा, आमच्याकडून नेलेलं किती, त्यातलं परत आणलंत किती?